जॉर्डन नदी कोणी रंगवली

मी, खाली सही करणारी, कै. ल्युशिअस बेंजामिन क्रम्प्टन यांची पत्नी, वय ब्याऐंशी, पूर्वीचा धंदा धुलाई कारखान्यात इस्त्री, राहणार सॉमिल रस्ता, मार्लो गाव, अलाबामा, आज पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, कान अर्धे आहेत, आणि उजवा हात कसा आहे ते पुढे येईलच. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी भाची रोशेल दोन महिने मागे लागली आहे, "आत्या, लोकांचं मृत्युपत्र एका पानात होतं. तुझं काय चाललंय?" तिला सांगितले, एका पानात मावेल इतके सोपे मी जगले नाही. हात चालत नाही म्हणून मी सांगते आणि ती लिहून घेते. मध्येच तिने नाक ओढले तर तेवढे वगळून वाचावे.

पूर्वी बँकेच्या कॅलेंडरच्या मागे एक मृत्युपत्र लिहिले होते. ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, मागची शेड आणि पिकन नटाचे झाड रोशेलला द्यावे. ती शाळेची बस चालवते, नवरा सोडून गेला आहे, आणि दर रविवारी मला चर्चला नेते. बिडाचा तवाही तिचाच. त्याला साबण लावला तर मला कळेल.

माझ्या नवऱ्याचा पुतण्या क्लिफ्टन, राहणार डेट्रॉइट, याला काहीही देऊ नये. दाराची कडीसुद्धा नको. कारण कलम पाचमध्ये आहे.

कलम २. बँकेत आहे ते दफनाला पुरेल. उरले तर रोशेलने चांगले बूट घ्यावेत.

कलम ३. माझी दातांची कवळी डॉ. हॉलिस रेम्बर्ट यांना परत द्यावी. त्यांनीच केली आहे. एकोणीस वर्षांत ती एकदाही नीट बसली नाही. दर वेळी ते चर्चच्या रीतीने सिस्टर लावून म्हणत, "सिस्टर क्रम्प्टन, कवळी बरोबर आहे, तुमचा जबडा बदललाय." म्हणजे चूक माझ्या तोंडाची. आमच्या माउंट गिलियड चर्चच्या विश्वस्त मंडळाचे ते अध्यक्ष आहेत. त्यांच्या वडिलांचे नाव पूर्वेच्या रंगीत काचेवर आहे, आईचे पश्चिमेच्या. आमचेच लोक, आमच्यासारखेच काळे, पण त्यांच्या घरी चांदीचे चमचे होते आणि माझी आई त्यांच्या चादरी धुवायची. कवळी डबीत घालून, वर फीत बांधून, रविवारी सगळ्यांसमोर द्यावी.

कलम ४. माझे ब्रश. अकरा आहेत, कॉफीच्या डब्यात, शेडमधल्या फळीवर. तेही रोशेलला. ती चित्रे काढत नाही, पण ते फेकून देणार नाही.

हे ब्रश कशासाठी वापरले ते लिहिणे भाग आहे, कारण कोणालाच ते खरे वाटत नाही. शिक्षिका व्हायला म्हणून मी आमच्या लोकांच्या कॉलेजात दोन वर्षे होते. तिथे मिस ओव्हरस्ट्रीट चित्रकला शिकवत. त्यांनी मला पाणी शिकवले. म्हणत, "पाणी निळं नसतं गं, त्याच्यावर जे वाकून बघतं त्याचा रंग त्याला येतो." दोन वर्षांनी आई अंथरुणाला खिळली आणि मी घरी आले. मग कारखान्यात एकतीस वर्षे कॉलर, बाह्या, टेबलावरची कापडे.

१९५२ च्या उन्हाळ्यात रेव्हरंड टिसडेल यांनी बाप्तिस्म्याच्या कुंडामागची भिंत रंगवायला सांगितली. जॉर्डन नदी हवी, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्याला आपण तिथेच उतरतोय असे वाटेल. ल्युशिअस सॉमिलमध्ये, लाकूड कापायच्या गिरणीत, कामाला होता. त्याने सात फळ्या निवडून आणल्या, रंधा मारला आणि शिडीवर चढून ठोकल्या. एवढे काम त्याचे. त्याला साधा कोंबडा काढता येत नव्हता. एकदा काढला तर शेजारणीने विचारले, ही किटली कोणाची. बाकी सगळी नदी मी रंगवली, कारखाना सुटल्यावर, अकरा आठवडे. रंगाच्या पहिल्या हातात मी कपड्यांची नीळ मिसळली. पांढऱ्या कपड्यात नीळ किती थेंब घालायची, म्हणजे पांढरे दिसेल पण निळे दिसणार नाही, हे मला झोपेतही कळायचे. नदीत मी तेच केले.

काठावर तेवीस माणसे आहेत. सगळी मार्लोची. बार्बर, सुईण, माझी आई, मिस ओव्हरस्ट्रीटसुद्धा टोपी घालून. डावीकडून तिसरी एक लहान मुलगी आहे, पिवळ्या झग्यात, एका पायात मोजा आणि दुसरा पाय उघडा. ती आमची नेओमी. १९४९ मध्ये डांग्या खोकल्याने गेली, तीन वर्षांची होती. तिचा एक मोजा नेहमी हरवायचा. भिंत पुरी झाली तेव्हा ल्युशिअस शिडीखाली उभा राहून बघत होता. एवढेच म्हणाला, "एकच मोजा?" मग बाहेर गेला आणि ट्रकमध्ये बसून राहिला. मी मागून गेले नाही.

मी रेव्हरंडना विचारले, खाली कोपऱ्यात नाव घालू का.

ते म्हणाले, "देवाच्या घरात नाव कशाला, सिस्टर? कोणी रंगवलं ते त्याला माहीत आहे. आणखी कोणाला सांगायचंय तुम्हाला?"

मी मान डोलावली. वरच्या काचेवर रेम्बर्ट घराण्याचे नाव सोन्याच्या अक्षरांत होते, त्यातून ऊन येऊन माझ्या नदीवर पडत होते, आणि मी मान डोलावली. हे मी कोणावर ढकलत नाही. ही माझी चूक आहे.

कलम ५. आता गाऱ्हाणे. हे कलम वकील मिस बुलक यांनी काढायला सांगितले होते. काढलेले नाही.

१९८७ मध्ये चर्चने नवे कुंड बांधले, फरशीचे. डॉ. रेम्बर्ट म्हणाले, "सिस्टर, ते जुनं झालं. शहरातले पाहुणे येतात, हसतात. आपण आता शेतावरची माणसं राहिलो नाही." सात फळ्या चर्चच्या शेडमध्ये गेल्या. मी त्या घरी न्यायला ट्रक मागितला. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. त्या आठवड्यातच एक गोरा माणूस जुने लाकूड विकत घेत हिंडत आला आणि फळ्या घेऊन गेला.

चौदा वर्षांनी रोशेल शाळेची मुले घेऊन राज्याच्या राजधानीतल्या म्युझियमला गेली आणि तिथूनच तिने फोन केला. ती रडत होती की हसत होती ते मला कळेना. "आत्या, तुझी नदी इथे आहे. अख्खी भिंत दिलीय तिला. आणि खाली लिहिलंय, अज्ञात कलाकार, स्वयंशिक्षित."

मी चर्चची जांभळी टोपी घालून गेले. नदीसमोर एक दोरी होती. मी दोरीच्या पुढे गेले, तशी पहाऱ्यावरची बाई आली. आमच्यातलीच, पन्नाशीची, पाय दुखणाऱ्या बाईसारखी उभी राहणारी.

"मॅडम, मागे व्हा. हात लावायचा नाही."

"ती माझी मुलगी आहे."

तिने माझ्याकडे पाहिले, मग नेओमीकडे. "रोज आठ तास मी हिच्यासमोर असते," ती म्हणाली. "एवढंच सांगा. हिनं मोजा काढून टाकलाय, की हरवला?"

"हरवला. नेहमीच हरवायचा."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि तिने दोरी उचलून धरली. तिचे नाव अर्नेस्टीन बॅग्ली. तिला सगळे क्षणात पटले. पण तिचे मत कोण विचारतो?

मत विचारायचे ते मिस्टर व्हिटलो यांना. त्या दालनाचे ते प्रमुख. गोरे, सभ्य, बोलायला मऊ. रोशेलने पत्रात माझे नाव लिहिले होते, म्हणून त्यांनी दारातच हात पुढे केला, "या या, इडेला!" माझ्या अंगावर काटा आला. त्यांना कळलेही नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळे तिथेच अडले. माझ्या वेळी गोरी माणसे आमच्या बायकांना पहिल्या नावानेच हाक मारत. कारखानदाराची सून माझ्याहून वीस वर्षांनी लहान. "इडेला, ह्या बाह्या परत कर, पिवळ्या दिसतायत." आणि मी तिला मिसेस म्हणायचे. मेले तरी आम्हाला कोणी मिसेस म्हणणार नव्हते. म्हणून आमच्या बायकांनी एक युक्ती काढली. पहिले नाव बाहेर काढायचेच नाही. दारावर, बँकेत, पेन्शनच्या कागदावर, चर्चच्या वहीत, सगळीकडे नवऱ्याची आद्याक्षरे. मिसेस एल. बी. क्रम्प्टन. नावच माहीत नाही तर हाक कशी मारणार? मला त्याचा अभिमान होता. चर्चच्या चिटणीस मिस विल्हेल्मिना स्पायव्ही यांना मी बजावले होते, वहीत माझे नुसते नाव कधीही येता कामा नये. आणि त्यांनी चाळीस वर्षांत ते एकदाही येऊ दिले नाही.

मिस्टर व्हिटलो म्हणाले, "इडेला, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण म्युझियमला कागद लागतो."

मी धावपळ केली. विल्हेल्मिनाकडून १९५२ ची वही आणली. तिच्यात सुरेख अक्षरात लिहिले होते: "श्री. व सौ. एल. बी. क्रम्प्टन यांच्या घरून कुंडाची भिंत रंगवून मिळाली. सभेने टाळ्या वाजवून आभार मानले." एक फोटोही मिळाला. त्यात शिडीवर ल्युशिअस, हातात हातोडी. मी कुठे? फोटो मीच काढत होते. मग मी म्हटले, पहिल्या हातात नीळ आहे, तपासा. त्यांनी तपासली आणि खरेच निघाली. मिस्टर व्हिटलो खूश झाले. मी म्हटले, सुटले.

कॉलेजचे सांगितले तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. "दोन वर्षं? चित्रकलेचं शिक्षण? हे दालन स्वयंशिक्षितांचं आहे, इडेला."

"मग दुसऱ्या दालनात लावा."

"तिथले सगळे पदवीवाले आहेत."

"दोन वर्षं शिकलेल्यांचं दालन कुठं आहे?"

ते हसले. त्यांना वाटले मी गंमत केली.

निघताना त्यांनी कागद आणि कोळशाची कांडी पुढे केली. "काहीतरी काढून दाखवाल? थोडंसं पाणी?" एकतीस वर्षे गरम इस्त्री धरलेला हात आहे हा. बोटे मिटत नाहीत आणि तीन वर्षांपासून थरथरतात. मी दोन्ही हातांनी कांडी धरली. नदी आत होती, सगळी, डोळ्यांसमोर. कागदावर मात्र कोंबडीने उकरल्यासारखे काहीतरी उमटले. त्यांनी कागद हातात घेतला, बघितला आणि म्हणाले, "छान." लहान मुलांना म्हणतात तसे. मला तिथेच मरून जावेसे वाटले.

सहा महिन्यांनी जाड कागदावर आमंत्रण आले. नवी पाटी लागणार होती. मी तीच टोपी घातली. रोशेलने उसाच्या काकवीचा केक करून घरी ठेवला होता, परत आल्यावर खायला. पाटीवरचा पडदा ओढला. मी चष्मा लावून वाचले, आणि मग रोशेलला वाचायला सांगितले, कारण चष्म्यावर माझा विश्वास बसेना.

ल्युशिअस बी. क्रम्प्टन. सॉमिलमधील मजूर, स्वयंशिक्षित. पत्नी धुलाई कारखान्यातून आणत असलेली नीळ त्यांनी कल्पकतेने वापरली. काठावरची बालिका ही निष्पाप आत्म्याचे प्रतीक.

मग फिल्म दाखवली. त्यात क्लिफ्टन. काका वारला तेव्हा तो चार वर्षांचा होता. पडद्यावर डोळे पुसत म्हणतो, "काकांना नदी स्वप्नात दिसायची." ल्युशिअसला स्वप्नात काय दिसायचे ते मला विचारा. मासे दिसायचे, आणि सॉमिलचा फोरमन.

पहिल्या रांगेत माझ्या खुर्चीवर चिठ्ठी होती, 'कलाकाराची पत्नी'. शेजारी डॉ. रेम्बर्ट, छातीवर फूल, 'मूळ चर्चचे विश्वस्त'. ज्या फळ्या बघून पाहुणे हसतात म्हणाले होते, त्यांच्याकडेच बघून आता मान डोलवत होते.

मी उभी राहिले. गुडघे कडकडले, पण उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "ही नदी मी रंगवलीय. ती मुलगी नेओमी आहे. त्याने फळ्या ठोकल्या."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळे वाजवू लागले. एका बाईने डोळे टिपले. मिस्टर व्हिटलो माझ्या खांद्याला हात लावून सगळ्यांना म्हणाले, "इडेला म्हणतात ते अगदी खरं आहे. असा संसार होता त्यांचा, की एकाचं काम ते दुसऱ्याचं." डॉ. रेम्बर्ट माझ्या कानाशी वाकले. "बसा आता, सिस्टर. एवढा मोठा मान मिळतोय आपल्या लोकांना. शोभा करू नका."

मी बसले. दुसरे काय करणार होते? माझा आवाज त्यांना ऐकू गेला होता, अगदी स्वच्छ. तरी तो कुठेच पोचला नाही. मागे दाराशी अर्नेस्टीन गणवेशात उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. केक त्या दिवशी कोणी कापला नाही.

त्यानंतर चार पत्रे लिहिली. चारही पत्रांना उत्तर एकच: नवा पुरावा मिळाल्यास विचार करू. पुरावा मी स्वतःच, आणि तो दिवसेंदिवस जुना होतो आहे.

ल्युशिअसवर माझा राग नाही, हे इथे स्पष्ट लिहावे. तो असता तर ती पाटी त्याने रंध्याने तासून काढली असती. पण तो मेलेला आहे, आणि मेलेल्या माणसाला नको असलेला मान नाकारता येत नाही.

कलम ६. सात फळ्यांची जॉर्डन नदी मी रोशेलला देते. मिस बुलक म्हणतात, जे आपल्या मालकीचे नाही ते देता येत नाही. ठीक आहे. तेवीस जणांची नावे तरी माझीच आहेत. ती यादी, डावीकडून उजवीकडे, कवळीच्या डबीशेजारी पाकिटात आहे. ती रोशेलने वर्षातून एकदा म्युझियमला पाठवावी. उत्तर तेच येईल. तरी पाठवावी.

कलम ७. दफन ल्युशिअसच्या शेजारी करावे. त्याला आणि मला वेगळे करायचे कारण नाही. दफनाच्या पत्रिकेवर नदीचे चित्र छापू नये. म्युझियमचे पोस्टकार्ड मिळते, त्याच्या मागे ल्युशिअसचे नाव आहे. जेवणाला तळलेली कोंबडी, कॉलर्डची पालेभाजी, मक्याची भाकरी. बटाट्याचे सॅलड सिस्टर ग्रीनलीकडून घेऊ नये. त्यात ती मनुके घालते.

कलम ८. नावाबद्दल.

मिस बुलक काल आल्या होत्या. मी म्हटले, यावर सही मी माझ्या नावाने करणार. आयुष्यात एकदा तरी. त्यांनी पेन खाली ठेवले. चांगली मुलगी आहे, तिला वाईट वाटले ते दिसत होते.

"मिसेस क्रम्प्टन, घराचे कागद, बँक, पेन्शन, पन्नास वर्षं एकच सही आहे. आज दुसरी केलीत, तीही अशा हाताने, तर क्लिफ्टन कोर्टात पहिलं हेच विचारील, ही बाई कोण? मग घर रोशेलला मिळेलच याची खात्री मी देत नाही."

रोशेल म्हणाली, "आत्या, घर जाऊ दे. तू तुझं नाव लिही."

तिला दुसरे घर नाही. मी मिस बुलकना म्हटले, तुम्ही म्हणता तशी सही करते.

म्हणून नाव इथे कलमात घालते, सहीत नाही. जन्मभर मी ते मुठीत धरून ठेवले, कोणी उष्टे करू नये म्हणून. आता सोडते. माझ्या मागे ज्याला वाटेल त्याने, गोऱ्याने, काळ्याने, कारखानदाराच्या सुनेने, मला नुसते इडेला म्हणावे. मिसेस नको, सिस्टर नको. मला राग येणार नाही. अट एकच आहे. मिस्टर व्हिटलो यांनी ते तोंडावर जितक्या सहज म्हटले, तितक्याच सहज भिंतीवरही लिहावे. इडेला. आणि मुलीचे नाव नेओमी. बस्स, एवढेच.

वरील सगळे मला वाचून दाखवले, मला समजले, आणि मला मान्य आहे, ज्यात माझा इलाज नाही ते सोडून.

(सही, थरथरत्या हाताची)
मिसेस एल. बी. क्रम्प्टन

आम्हा दोघींच्या समक्ष ही सही झाली. सही करणारी बाई मिसेस एल. बी. क्रम्प्टन हीच आहे, अशी आम्ही ओळख देतो.

साक्षीदार:
१. विल्हेल्मिना स्पायव्ही, वय एक्याण्णव, माउंट गिलियड चर्चच्या माजी चिटणीस
२. अर्नेस्टीन बॅग्ली, वय त्रेपन्न, धंदा म्युझियममध्ये पहारा

स्थळ: मार्लो, अलाबामा
दिनांक: १४ ऑक्टोबर २००३